छायाचित्रातील आकाश

सन १८६०-७० च्या सुमारास काढलेली देखाव्यांची छायाचित्रे जुन्या संग्रहांतून आजही पाहावयास मिळतात. देवळाचे शिखर, घाटाच्या पायऱ्या, वडाच्या पारंब्या हे सारे त्यांत इतके रेखीव उतरलेले असते की आजच्या जाणत्या माणसानेही कौतुक करावे. मात्र वरचे आकाश बहुधा कोरे असते. त्यात ढग नाही, छटा नाही. कागद तेवढ्या भागात नुसता पांढरा राहिलेला. त्या काळच्या लोकांचे आकाशाकडे लक्षच नसावे, असे पाहणाऱ्यास वाटून जाते. वस्तुस्थिती निराळी होती. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने कलोडियनच्या ओल्या काचेची रीत प्रसिद्ध केली. या काचेवर निळ्या व जांभळ्या प्रकाशाचा परिणाम अतिशय जलद होई. हिरव्याचा थोडा, आणि तांबड्याचा जवळजवळ नाहीच. खालची झाडी नीट उतरावी इतका वेळ भिंग उघडे ठेवले की वरच्या निळाईचा काचेवर अतिरेक होऊन जाई. शिवाय पांढरा ढग आणि त्याच्या मागची निळाई या दोहोंचा परिणाम त्या काचेच्या लेखी सारखाच. मग ढग वेगळा दिसावा तरी कसा?

यावर गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने १८५६-५७ च्या सुमारास एक युक्ती योजली. समुद्राची काच त्याने वेगळी घेतली, आकाशाची वेगळी घेतली, आणि दोन्ही एकाच कागदावर क्षितिजरेषेशी जुळवून छापल्या. त्याची समुद्रचित्रे फार गाजली. त्यांपैकी काहींत एकच आकाश पुन्हा पुन्हा आढळते, ही गोष्ट पुढे अभ्यासकांच्या ध्यानात आली. युक्ती सोयीची असल्यामुळे तिचा प्रसारही झपाट्याने झाला. ढगांच्या काचांचा साठा बाळगणारे छायाचित्रकार निपजले. आज डोंगरावर दिसलेला ढग उद्या बंदरावर दिसू लागला.

ल ग्रेला नावे ठेवण्याचे कारण नाही. त्याच्या काचेची ती मर्यादाच होती. पुढे १८७३ साली फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने विशिष्ट रंगद्रव्ये मिसळून काचेला इतर रंगांचीही जाणीव देता येते असे दाखविले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सर्व रंग जाणणाऱ्या काचा बाजारात आल्या. भिंगापुढे पिवळी वा तांबडी काच धरली की निळे आकाश गडद होऊन पांढरा ढग आपोआप उठून दिसू लागला. अशा रीतीने उसन्या आकाशाची गरज संपली. सवय मात्र संपली नाही. आज तर प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये आकाश बदलण्याची सोय आहे. दुपारच्या रटाळ चित्रावर बोट फिरवावे, की तेथे सायंकाळचे केशरी ढग हजर. ज्याला घटकाभर थांबावयाचे नाही त्याची यात मोठीच सोय झाली. पण जेथे आकाशावरच माणसाचे वर्ष अवलंबून असते, अशा प्रदेशात या सोयीची किंमत काय पडते, याचा विचार करावयास हवा.

असा प्रदेश म्हणून भंडारा जिल्ह्याचे उदाहरण घेण्यासारखे आहे. वैनगंगेच्या काठचा हा धानाचा मुलूख. येथे वर्षाला सरासरीने १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हा पाऊस चार महिन्यांत कोसळून जातो, म्हणून तो अडवून ठेवण्यासाठी पूर्वजांनी गावोगाव तलाव बांधले. या कामात कोहळी समाजाचा हातखंडा होता. उतार कोणीकडे आहे, पाणी कोठून येईल, पाळ कोठे घातली असता थोड्या मातीत पुष्कळ पाणी राहील, हे ते डोळ्यांनी पाहूनच ठरवीत. पुढे मालगुजारांच्या ताब्यात असलेले हे तलाव १९५१ साली मालगुजारी संपुष्टात आल्यावर सरकारकडे आले. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची आद्याक्षरे घेऊन लोक त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतात, आणि हे नाव आता सरकारी कागदांतही रुळले आहे.

अशा तलावाचे चित्र काढावयाचे म्हणजे अर्धे चित्र आकाशाचे, आणि उरलेल्या अर्ध्यातील पुष्कळसा भाग पाण्यात पडलेल्या त्याच आकाशाचा. जुलै महिन्यात रोवणीसाठी चिखल केलेल्या बांध्या पाण्याने भरलेल्या असतात. तेव्हा धुऱ्यांच्या चौकटीत आकाशाचे शेकडो तुकडे मांडून ठेवल्यासारखे दिसतात. येथे ज्याला आकाश उसने आणावयाचे असेल त्याला ते दोनदा आणावे लागेल, एकदा वर आणि एकदा खाली. उसनवारी बहुधा येथेच उघडकीस येते. वर पश्चिमेचा सूर्यास्त आणि खाली रोवणी करणाऱ्या बायांच्या सावल्या मात्र पायांशी गोळा झालेल्या, अशी चित्रे अलीकडे वारंवार पाहण्यात येतात. त्यांतील सावली दुपारचे बारा वाजल्याचे सांगत असते. शहरातील दिवाणखान्यात ते चित्र खपून जाईल. पण रोवणीला गेलेली म्हातारी त्याला हसेल.

याहून गंभीर गोष्ट नदीची आहे. वैनगंगेचा उगम मध्यप्रदेशातील शिवनी जिल्ह्यात होतो. वर शिवनी-बालाघाटकडे धो धो पाऊस झाला की त्याचे पाणी भंडाऱ्यास पोहोचते. त्या वेळी भंडाऱ्यावरचे आकाश निरभ्र असणे मुळीच अशक्य नाही. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस भंडारा शहरात व काठच्या गावांत जो मोठा पूर शिरला, त्याचे पाणी मुख्यत्वे वरच्या भागातील अतिवृष्टीचे आणि तेथील धरणांतून सोडलेले होते. आता कोणी पुराच्या चित्रावर शोभा यावी म्हणून काळाभोर मेघ चिकटविला, तर ते चित्र पुराचे कारणच खोटे सांगेल. उन्हात चमकणारा पूर हा काळोख्या पुराइतका भयानक दिसत नाही हे खरे. पण वरच्या अंगाच्या बातमीवाचून नदीकाठच्या माणसाला पूर कसा गाठतो, हे त्या उन्हातल्या चित्रावाचून कळणारही नाही.

आकाश खरे असले की चित्र किती बोलते, याचा एक दाखला छायाचित्रणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील अॅन्सेल अॅडम्स हा निसर्गचित्रांचा मोठा छायाचित्रकार. एके सायंकाळी न्यू मेक्सिको प्रांतातून मोटारीने परतत असता हर्नांडेझ नावाच्या खेड्याजवळ त्याला एक देखावा दिसला. पूर्वेस चंद्र वर आलेला, खाली हिमाच्छादित डोंगर, आणि खेड्याच्या स्मशानातील पांढऱ्या क्रुसांवर मावळतीचे शेवटचे ऊन. गाडी थांबवून त्याने घाईघाईने अवजड कॅमेरा उभा केला. प्रकाशमापक काही केल्या सापडेना. परंतु चंद्रबिंबाची तेजस्विता किती असते, याचा आकडा त्याला पाठ होता. त्यावरून त्याने मनातल्या मनात हिशेब केला आणि एक चित्र घेतले. दुसरे घेण्यासाठी तो फिल्म बदलतो न बदलतो तोच क्रुसांवरचे ऊन नाहीसे झाले. जगप्रसिद्ध झालेले ते चित्र एवढे एकच.

मौजेची गोष्ट अशी की या थोर माणसाने तारीख लिहून ठेवली नव्हती. पुढे तो कधी एक साल सांगे, कधी दुसरे. शेवटी खगोलशास्त्राच्या जाणकारांनी चित्रातील चंद्राचे स्थान मोजून गणित मांडले, आणि १९९१ साली डेनिस डी सिक्को याने वेळ निश्चित केली : १ नोव्हेंबर १९४१, सायंकाळचे ४ वाजून ४९ मिनिटे. अॅडम्सने छापताना ते आकाश बरेच काळे केले होते, हे खरे. पण चंद्र आपल्या जागी होता. तो उसना असता तर जगातील कोणत्याही गणित्याला ही तारीख सापडली नसती.

अॅडम्सला मोजकीच मिनिटे मिळाली आणि ती त्याला पुरली, याचे कारण त्याची त्यापूर्वीची अनेक वर्षांची तयारी. लोक तिला नशीब म्हणतात. आकाश उसने न घेता हवे तसे मिळवावयाचे, तर ते केव्हा येईल हे आधी जाणावे लागते. आणि त्यासाठी पहिल्याने सूर्याची चाल ध्यानात घ्यावी लागते. ‘सूर्य पूर्वेस उगवतो’ असे शाळेत शिकविले जाते, पण बरोबर पूर्वेस तो वर्षातून दोनच वेळा, मार्च व सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास उगवतो. भंडारा सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे जूनच्या अखेरीस सूर्योदयाची जागा पूर्वबिंदूच्या उत्तरेस सुमारे २५ अंश, आणि डिसेंबरच्या अखेरीस तितकीच दक्षिणेस असते. म्हणजे सहा महिन्यांत ही जागा क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकते. हात लांब करून मूठ धरली तर मुठीची रुंदी सुमारे १० अंश भरते. तेव्हा हे अंतर पाच मुठींचे झाले. हे सरकणेही सम नाही. मार्चमध्ये व सप्टेंबरमध्ये ही जागा दररोज जवळजवळ बिंबाच्या रुंदीइतकी सरकते. जून व डिसेंबरमध्ये पंधरवडाभर ती जागची हलल्यासारखी वाटत नाही. देवळाच्या कळसामागे सूर्य उगवताना ज्याला टिपावयाचा आहे त्याला डिसेंबरात आठ दिवस मिळतील, मार्चमध्ये दुसऱ्या दिवशीच जागा बदलावी लागेल. (घराच्या गच्चीवरून दर रविवारी सूर्योदयाची खूण करावयास लावली तर शाळकरी मुलेही हे वर्षभरात स्वतः शोधून काढतील.)

भंडारा शहर वैनगंगेच्या पश्चिम काठी आहे आणि कारधा पूर्वेकडच्या. यामुळे शहराच्या घाटावरून उगवता सूर्य पाण्यापलीकडे दिसतो, आणि मावळतीचे चित्र हवे असल्यास पूल ओलांडून कारध्याकडे जावे लागते. ही गोष्ट साधी आहे; तरीही संध्याकाळी चुकीच्या काठावर तिपाई मांडून बसलेले हौशी लोक कमी नाहीत. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास येथे मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या उन्हात जमिनीला सावलीच नसते. पाळ, धुरा, टेकडी सारे सपाट दिसते. तीच जमीन सकाळी साडेसहाला पाहावी. हातभर उंचीच्या धुऱ्याचीही लांब सावली पडून प्रत्येक बांधीचा आकार वेगळा होतो.

पावसाच्या बाबतीत मुंबई-पुण्याच्या वाचकाला येथे आपले ज्ञान थोडे उलटे करावे लागते. पाऊस पश्चिमेच्या समुद्रावरून येतो, हे त्याच्या मनात पक्के असते. पूर्व विदर्भात मोठ्या पावसाची चाहूल बंगालच्या उपसागराकडून लागते. जुलै-ऑगस्टमध्ये त्या समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण होते, ते ओडिशा व छत्तीसगड ओलांडून पश्चिम-वायव्येकडे सरकू लागते, आणि दोन-तीन दिवसांत भंडाऱ्यावर झड लागते. झडीच्या ऐन भरात चित्र मिळत नाही. सगळीकडे एकच राखी पडदा असतो. चित्र मिळते ते झड लागण्यापूर्वीच्या सायंकाळी आणि उघडीप होते त्या पहाटे. तेव्हा हवेतील धूळ धुऊन गेलेली असते, आणि एरवी धुरकट दिसणाऱ्या आंबागड-गायमुखकडच्या डोंगररांगा रेघेने काढल्यासारख्या स्पष्ट होतात.

मृगापूर्वीचे ढग यांहून निराळे. मेअखेरीस व जूनच्या आरंभी दुपार तापली की एखाद्या ठिकाणी फुलकोबीसारखा ढग वाढू लागतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर गेल्यावर त्याचा माथा पसरून लोहाराच्या ऐरणीसारखा होतो. एवढा उंच ढग शंभर किलोमीटरवरूनही दिसू शकतो. गावात सूर्य मावळून अंधार पडू लागला तरी त्याच्या माथ्यावर ऊन असते. अशा वेळी ढगाच्या खाली उभे राहण्यात काही मिळत नाही. दूरच राहावे, आणि सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटे चुकवू नयेत. या अक्षांशावर सूर्य बराच सरळ खाली उतरतो, त्यामुळे आपल्याकडचा संधिप्रकाश इंग्रजी पुस्तकांत वर्णिलेल्या संधिप्रकाशापेक्षा फार लवकर आटोपतो.

या ढगांबरोबर वीज येते. विजेचे छायाचित्र प्रथम १८८२ साली विल्यम जेनिंग्ज याने अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मिळविले. रीत अवघड नाही. काळोखात कॅमेरा तिपाईवर ठेवून झडप उघडी टाकावी. वीज चमकली की ती स्वतःच आपले चित्र काढून जाते. अवघड आहे ते शहाणपण. चमक दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तिनाने भागले असता अंतर किलोमीटरांत मिळते. हा हिशेब तीस सेकंदांच्या आत आला की घरात जावे, असा नियम आहे. उघड्या पाळीवर एकटे उभे राहणे किंवा झाडाखाली आसरा घेणे, या दोन्ही गोष्टी घातक. विदर्भात दर वर्षी शेतावरची माणसे विजेने दगावतात. कॅमेरा हातात असल्याने वीज कोणाला ओळखीत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने काढलेले ‘दामिनी’ नावाचे साधन मोबाइलवर मिळते. ते जवळ बाळगावे आणि घराच्या खिडकीतून जे चित्र मिळेल त्यावर समाधान मानावे.

इंद्रधनुष्यासाठी मात्र धावपळ करण्याचे कारण नाही. ते सूर्याच्या विरुद्ध बाजूस, सूर्याच्या समोरच्या बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर असते. म्हणून सूर्य ४२ अंशांहून वर असेल तोपर्यंत सपाट जमिनीवरून ते दिसतच नाही. पावसाळ्यात भंडाऱ्यास दुपारी चारच्या आधी त्याची वाट पाहणे व्यर्थ. चारनंतर पश्चिमेला उघडीप आणि पूर्वेला सर असा योग दिसला तर शहराच्या घाटावर जाऊन सूर्याकडे पाठ करून उभे राहावे, म्हणजे ते नदीवरच उमटेल.

परंतु या जिल्ह्याचे खास असे चित्र कोणते, असे विचारल्यास हिवाळ्यातील तलावावरचे धुके हेच सांगावे लागेल. आणि धीराची खरी परीक्षाही तेथेच होते. हे धुके कसे उत्पन्न होते ते पाहण्यासारखे आहे. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन आपली उष्णता लवकर टाकते आणि थंड होते. पाणी मात्र दिवसाची ऊब बराच वेळ धरून ठेवते. पहाटे काठावरची थंड हवा उतारावरून सावकाश पाण्यावर सरकते. पाण्याच्या पृष्ठभागावरून निघणारी वाफ त्या थंड हवेत मावत नाही, आणि तिचे बारीक थेंब बनून पाण्यातून धूर निघाल्यासारखे दिसू लागते. चुलीवरच्या पातेल्यातील वाफ जशी दिसते, त्यातलाच हा प्रकार. यास तीन गोष्टी लागतात : निरभ्र रात्र, पडलेला वारा आणि चांगली थंडी. यांपैकी एक जरी चुकली तरी धुके नाही. आकाशात ढगांचे पांघरूण असले तर जमीन थंड होत नाही. वारा असला तर थंड हवा पाण्यावर टिकत नाही. आदल्या संध्याकाळी चुलीचा धूर सरळ वर न जाता घरांच्या छपरांवर आडवा पसरून राहिला, आणि तारे स्वच्छ दिसले, तर दुसऱ्या पहाटे पाळीवर जाण्यात अर्थ आहे, असे समजावे.

पाळीवर सूर्योदयापूर्वी अर्धा तास तरी पोहोचले पाहिजे. आरंभी धुके राखी असते आणि चित्रात चिखलासारखे उतरते. त्या वेळी झडप उघडणारा निराश होतो. सूर्य वर येऊन धुक्याच्या मागून प्रकाश देऊ लागला की तेच धुके उजळते, एखादी डोंगी काळ्या रेघेसारखी त्यातून पुढे येते, पलीकडच्या काठावरची मोहाची झाडे एकामागे एक फिकट होत गेलेली दिसतात. ही अवस्था दहा-पंधरा मिनिटे टिकते. नंतर ऊन वाढते, हवा हलू लागते, आणि तासाभरात तलाव इतका कोरडा व स्वच्छ दिसतो की पहाटेचे सारे कोणाला सांगून खरे वाटू नये. ज्याने या जागी दहा पहाटा घालविल्या, त्याच्या पदरी चांगले चित्र एखादे पडले तरी हिशेब वाईट नाही.

थांबण्याच्या कथा छायाचित्रकारांमध्ये पुष्कळ सांगतात. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर १८९३ च्या फेब्रुवारीत आल्फ्रेड स्टीग्लिट्झ हिमवादळात तीन तास उभा राहिला, ही त्यांपैकी प्रसिद्ध. परंतु एका दिवशी तीन तास उभे राहण्याहून पुन्हा पुन्हा त्याच जागी जाणे अधिक कठीण असते. त्याचा उत्तम नमुना महाराष्ट्रातच आहे. दादासाहेब फाळके यांना १९१२ साली चित्रपटासाठी भांडवल हवे होते, आणि त्यांच्या विद्येवर धनकोचा विश्वास बसणे अवश्य होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोखून ठेवला आणि महिनाभर नेमाने रोपाची एकेक चौकट टिपली. त्यातून ‘अंकुराची वाढ’ हा मिनिट-दीड मिनिटाचा पट तयार झाला, आणि भांडवलही मिळाले. जपानमध्ये मासानाओ आबे या शास्त्रज्ञाने फुजी पर्वतासमोर वेधशाळा उभारून सुमारे पंधरा वर्षे त्या एकाच शिखरावरच्या ढगांची चित्रे घेतली. वारा डोंगरावरून कसा वाहतो हे त्याला ढगांच्या आकारावरून वाचावयाचे होते.

कॅमेऱ्यावाचूनही हे व्रत चालते, याचे उदाहरण जुन्या भंडारा जिल्ह्यातीलच आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत नवेगावबांधचा तलाव भंडारा जिल्ह्यात मोडत असे. तेथे वनाधिकारी म्हणून अनेक वर्षे राहिलेले मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी त्या तलावाचे पाणी, पाखरे व ऋतू यांची टिपणे केली, आणि स्थानिक धीवर व आदिवासी मंडळींकडून पक्ष्यांची नावे व खुणा गोळा केल्या. त्यांच्या ‘पक्षिकोशा’मागे अशा टिपणवह्यांचे बळ आहे. जाणत्या माणसाला विचारण्यात कमीपणा न मानणे, हा निरीक्षणाचाच एक भाग होय. कोणत्या तलावावर धुके जास्त वेळ राहते, हे नागपूरच्या रडारवर कळत नाही, उपग्रहाच्या चित्रातही नाही. पहाटे जाळे टाकणारा धीवर ते एका वाक्यात सांगतो.

म्हणून हौशी छायाचित्रकाराच्या पिशवीत भिंगांपेक्षाही वही अधिक महत्त्वाची. तीत तारीख, वेळ, जागा, कोणीकडे तोंड करून चित्र घेतले ती दिशा, वारा, ढग आणि पाण्याची पातळी एवढे लिहावे; चित्र न मिळालेल्या दिवसाचीही नोंद करावी, किंबहुना तीच अधिक उपयोगी पडते. दोन हिवाळे अशी वही ठेवणाऱ्यास तिसऱ्या हिवाळ्यात कोणत्या पहाटे अंथरुणातून उठू नये, हे कळू लागते. अशा नोंदींचा उपयोग शास्त्रालाही होतो. ढगांचा आंतरराष्ट्रीय चित्रसंग्रह पहिल्याने १८९६ साली निघाला. त्याच्या २०१७ च्या आवृत्तीत ‘अॅस्पेरिटास’ नावाचा ढगांचा एक नवा प्रकार मान्य झाला. खवळलेल्या समुद्राच्या तळाकडून वर पाहावे तसा तो दिसतो. त्याला मान्यता मिळाली ती मुख्यतः निरनिराळ्या देशांतील सामान्य हौशी लोकांनी पाठविलेल्या चित्रांमुळे.

भंडाऱ्याच्या बाबतीत तर अशा नोंदींची निकड आहे. पवनीजवळ गोसीखुर्द येथे वैनगंगेवर धरण झाले. त्याची कोनशिला २२ एप्रिल १९८८ रोजी बसविली गेली. पुढे धरणात पाणी साठू लागले, काठची अनेक गावे उठली, आणि धरणाचा फुगवटा मागे मागे येत भंडारा शहरापर्यंत पोहोचला. पूर्वी उन्हाळ्यात येथे नदीचे पात्र म्हणजे रुंद वाळवंट असे. मधून बारीक धार, आणि वाळूत टरबुजा-डांगरांच्या वाड्या. आता तेथे बहुतेक काळ संथ, साचलेले पाणी दिसते. धरणाने शेतीला पाणी दिले, त्याचे मोल वेगळे मोजावे. पण ती जुनी नदी पुन्हा कोणाला पाहता येणार नाही. तिचे चित्र कोणा चित्रकाराने मुद्दाम काढून ठेवले असेल तर उत्तमच. पुष्कळ घरांत ते नकळतही असेल. मुंजीनंतर वा लग्नानंतर घाटावर उभ्या राहिलेल्या कुटुंबामागे पात्राची वाळू, पलीकडचा काठ आणि त्या दिवसाचे आकाश उतरलेले असते.

असे जुने चित्र हाती लागल्यास त्यातील माणसांची ओळख पटवून झाल्यावर पाठीमागच्या नदीकडेही पाहावे. सावल्या कोणीकडे पडल्या आहेत त्यावरून सकाळ की संध्याकाळ हे ठरविता येते, वाळू किती उघडी आहे त्यावरून महिना अंदाजता येतो. घरातील वडीलधाऱ्यांना साल आठवत असेल तर मऊ शिसपेन्सिलीने ते मागील बाजूस लिहून ठेवावे. शाईने लिहू नये. ती कागदातून पुढे उमटते.